सोयाबीनच्या दाण्याचे वाटेकरी



वसंतातल्या या व्याख्यानमालेत संतांवर, शिवकालावर, नाटकावर व्याख्याने व्हावीत आणि अधूनमधून एखाद्या अर्थशास्त्रज्ञाने अंदाजपत्रक समजावून द्यावे, अशी आपली रीत आहे. त्या रांगेत सोयाबीनसारखा विषय घेऊन उभे राहताना थोडा संकोच वाटतो. पण आपल्या बाजार समितीच्या आवारात दिवाळीच्या सुमारास जे पोत्यांचे डोंगर उभे राहतात ते सोयाबीनचे असतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची फोडणी सोयाबीनच्या तेलाची असते. आणि तरीही हा दाणा हातात घेऊन नीट पाहिलेली माणसे या सभेत निम्मी तरी असतील की नाही, याची मला शंका आहे.

मी शेतकीचा पदवीधर नाही. हमाल, तोलणार आणि तेलगिरण्यांतले कामगार यांच्या संघटनेत माझा जन्म गेला. मजुरीची बोलणी करायला बसायचे तर माल कोठून येतो, त्याचे काय होते आणि कोणाच्या हाती किती उरते हे ठाऊक असावे लागते. नाहीतर समोरचा माणूस "परवडत नाही" म्हणतो आणि आपण गप्प बसतो. त्या गरजेपोटी मी या पिकाची जी माहिती गोळा केली, ती आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम दाणा फोडून पाहू. सोयाबीनला सरकारी कागदावर तेलबी म्हणतात. भुईमुगाच्या दाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. सोयाबीनमध्ये ते शेकडा वीसच्या आत-बाहेर. प्रथिने मात्र शेकडा चाळीसच्या घरात. हरभऱ्यात किंवा तुरीच्या डाळीत ती शेकडा वीस-बावीस असतात. म्हणजे डाळीच्या जवळजवळ दुप्पट. एक क्विंटल सोयाबीन गिरणीत गेले तर सुमारे अठरा किलो तेल निघते आणि ऐंशी किलोंच्या आसपास पेंड. आता आपणच सांगा, ज्या मालातून अठरा किलो एक वस्तू आणि ऐंशी किलो दुसरी वस्तू निघते, त्या मालाला पहिल्या वस्तूचे नाव का द्यावे? नावाचा हा घोटाळा वरवरचा नाही. शेतकऱ्याला वाटते, तेल महागले म्हणजे आपला भाव वाढेल. तेल महागते, आणि भाव वाढत नाही. कारण पेंड पडलेली असते. या पिकाचे नशीब पेंडीला बांधलेले आहे, आणि ती पेंड माणसाच्या ताटात येत नाही. माझे आजचे सांगणे मुख्यतः एवढ्याभोवतीच फिरणार आहे.

ताटात ती का येत नाही, याचे एक कारण दाण्यातच आहे. आपण हरभरा भिजवतो, उकडतो, खातो. सोयाबीन तसे केले तर दाणा लवकर मऊ होत नाही, त्याला एक हिरवट, कच्चट वास येतो आणि पोट बिघडते. त्यात पिठूळ भाग फार थोडा, आणि प्रथिने पचविणाऱ्या रसाला अडविणारे एक द्रव्य असते. ते द्रव्य उष्णतेने मोडते. वास येतो तो दाणा फुटून पाणी लागले की सुरू होणाऱ्या एका क्रियेमुळे. दाणा थेट उकळत्या पाण्यात टाकला तर ती क्रिया सुरूच होत नाही. इतके साधे हे गुपित, पण ज्याला ते ठाऊक नाही त्याच्या घरात सोयाबीन एकदाच शिजते.

चिनी लोकांनी हे गुपित फार प्राचीन काळी ओळखले. या पिकाचे मूळ घर चीन. तेथल्या रानटी वेलीपासून तेथल्या शेतकऱ्यांनी हे उभे झुडूप घडविले. त्यांनी दाणा वाटला, त्याचे दूध काढले, ते उकळले आणि आपण दूध फाडून पनीर करतो तसे फाडून त्याचा टोफू केला. दाणे आंबवून त्यापासून काळा, खारट रस काढला. तो आज आपल्याकडे चायनीजच्या हातगाडीवर बाटलीत दिसतो. जपान्यांनी मिसो आणि नाट्टो केले. जावा बेटावरच्या लोकांनी उकडलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवून टेम्पे नावाची वडी केली. या सगळ्यांमध्ये उष्णता किंवा आंबवण आहेच. आणि हे ज्ञान आपल्या देशातही नव्हते असे नाही. कुमाऊंच्या डोंगरात काळे सोयाबीन 'भट' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते. नागालँडमध्ये अखुनी, मणिपुरात हवाईजार, मेघालयात तुंगरिंबाई, सिक्कीममध्ये किनेमा, हे सारे आंबवलेल्या सोयाबीनचेच प्रकार. मैदानातल्या आपण लोकांनी त्यांच्याकडून काही शिकण्याची तसदी घेतली नाही, एवढेच.

सोयाबीनचा मोठा जागतिक व्यापार सुरू झाला तो मांचुरियातून. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धानंतर दक्षिण मांचुरियाची रेल्वे जपानच्या हाती आली आणि दायरेन बंदराभोवती सोयाबीनच्या घाण्या उभ्या राहिल्या. शेतात आणि बंदरात राबायला शांतुंग प्रांतातले गरीब चिनी मजूर लोटले. तेल निघे, पण व्यापाऱ्याचे लक्ष पेंडीच्या गोल चकत्यांवर असे, कारण त्या जपानच्या भातशेतीला खत म्हणून जात. १९०८ च्या सुमारास हाच दाणा जहाजांनी युरोपात जाऊ लागला, आणि तेथे साबणासाठी, कृत्रिम लोण्यासाठी तेल आणि गुरांसाठी पेंड अशी त्याची वाटणी झाली. हजारो वर्षे ज्या दाण्याचे जेवण होत होते तो पाच-पंचवीस वर्षांत कच्चा माल झाला.

अमेरिकेने पुढची मजल मारली. १९३० नंतरच्या मंदीत शेतमालाला गिऱ्हाईक नव्हते, तेव्हा हेन्री फोर्डने सोयाबीनपासून मोटारीचे भाग करण्याचा ध्यास घेतला. १९४१ साली त्याने सोयाबीन वगैरे वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकचे पत्रे लावलेली एक मोटार लोकांसमोर मांडली. ती रस्त्यावर धंद्यासाठी कधी आली नाही. फोर्डच्या या खेळापेक्षा मला पर्सी ज्युलियन या रसायनशास्त्रज्ञाची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते, आणि ती मी थोडी सविस्तर सांगणार आहे.

ज्युलियन हा निग्रो, आजच्या शब्दांत कृष्णवर्णीय अमेरिकन. १८९९ साली अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरीत जन्मला. त्याच्या आजोबांनी गुलामगिरी भोगली होती. शिकून तो व्हिएन्नाला गेला आणि १९३१ साली डॉक्टरेट घेऊन परतला. ज्या महाविद्यालयात तो स्वतः पहिला आला होता तेथे त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली नाही, कारण कातडीचा रंग. १९३६ साली ग्लिडन या रंग बनविणाऱ्या कंपनीने त्याला शिकागोत सोयाबीनच्या कामावर घेतले. त्याने दाण्यातले प्रथिन निराळे काढण्याचा कारखाना उभारला. ते कागदाला चकाकी आणायला वापरले गेले. त्याच प्रथिनापासून आग विझविण्याचा फेस तयार झाला, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी आरमाराने तेलाच्या आगी विझवायला तो वापरला. पुढे सोयाबीन तेलाच्या एका टाकीत पाणी शिरून तेल नासले. मालक हळहळत असताना ज्युलियनने टाकीत जमलेला पांढरा साका ओळखला. त्या द्रव्यापासून त्याने स्त्रियांचा गर्भ टिकविणारे संप्रेरक स्वस्तात तयार केले. तोवर ते मिळवायला जनावरांच्या अवयवांचे ढीग लागत. सांधेदुखीवरच्या औषधांचा मार्गही याच कामातून सुलभ झाला. हा माणूस शिकागोशेजारच्या ओक पार्क गावात राहायला आला, तेव्हा १९५० साली त्याचे घर जाळण्याचा प्रयत्न झाला, आणि १९५१ साली त्याच घरावर डायनामाइट फेकण्यात आले. ज्याच्या कामातून जगाला आग विझविण्याचा फेस मिळाला, त्याच्याच घरावर आगीचे गोळे पडले. कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाला यावर निराळे भाष्य करण्याची गरज वाटत नाही.

बाकीच्या उपयोगांची यादी मी लांबवीत नाही. तेल शुद्ध करताना निघणारा लेसिथिन नावाचा चिकट भाग चॉकलेटात, बिस्किटात, औषधांच्या गोळ्यांत असतो. प्लायवूडचा सरस, छापखान्याची शाई, मोटारीचे इंधन, मेणबत्त्या, सगळीकडे हा दाणा पोचला आहे. पण आकड्यांकडे पाहिले तर हे सगळे तोंडी लावणे आहे. जगातल्या सोयाबीनचा मुख्य धंदा आजही दोनच वस्तूंचा : तेल माणसाला, पेंड कोंबड्या-डुकरांना.

आता आपल्याकडे येऊ. १९३० नंतरच्या दशकात बडोदे संस्थानच्या अन्न-पाहणी खात्यात एफ. एस. काळे नावाचे अधिकारी होते. त्यांनी सोयाबीनवर इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १९३६ साली बडोद्यास छापला गेला. त्यात लागवड तर आहेच, पण सोयाबीनच्या हिंदी पद्धतीच्या शेकडो पाककृतीही आहेत. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन आहारात घेण्याचा प्रयोग केला आणि 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. गरिबाला दूध आणि डाळ परवडत नसेल तर हा दाणा त्याच्या उपयोगी पडेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. तो काळ लक्षात ठेवा : या देशात सोयाबीनचा विचार प्रथम झाला तो चुलीपाशी झाला.

पीक म्हणून ते आले तेव्हा मात्र निराळ्या दाराने आले. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांत चाचण्या झाल्या. १९६७ साली अखिल भारतीय संशोधन प्रकल्प सुरू झाला. माळव्यात काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचे, म्हणून शेतकरी खरिपात जमीन पड ठेवीत आणि रब्बीत गहू-हरभरा घेत. त्या पडीक चार महिन्यांत सोयाबीन बरोबर बसले. नव्वद-शंभर दिवसांत पीक हाती, मुळांवरच्या गाठींतल्या जंतूंमुळे नत्राची सोय घरचीच, आणि मागून रब्बी मोकळी. त्यामागोमाग रसायनाने तेल काढणारे कारखाने, म्हणजे सॉल्व्हंट गिरण्या, उभ्या राहिल्या आणि पेंड परदेशी जाऊ लागली. १९७०-७१ मध्ये देशात या पिकाखाली तीस हजार हेक्टरांच्या आसपास जमीन होती. आज ती सव्वा कोट हेक्टरांच्या घरात आहे. महाराष्ट्रात १९९० नंतर हे पीक पसरले आणि २०२३ व २०२४ च्या खरिपात पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास गेले. विदर्भ-मराठवाड्यात खरीप म्हणजे सोयाबीन, असे समीकरणच झाले.

माळव्यात पडीक जमीन होती. आपल्याकडे ती नव्हती. आपल्याकडे सोयाबीनने खरिपाची ज्वारी हलविली, मूग-उडीद हलविले, काही ठिकाणी कापूसही हलविला. शेतकऱ्याने हे का केले? कारण ज्वारीला भाव नव्हता, पाखरे राखायला माणूस नव्हता, आणि सोयाबीनला रोख गिऱ्हाईक होते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्या बदलाबरोबर घरची भाकरी आणि जनावराचा कडबा, दोन्ही गेले. सोयाबीनचे भुसकट जनावर कडब्यासारखे खात नाही. मूग-उडदाची जी दोन-चार पायली डाळ मजुराच्याही घरी येई, तीही थांबली. ज्या शिवारात डाळीच्या दुप्पट प्रथिनांचे पीक उभे आहे, त्याच शिवारातली बाई किराणा दुकानातून तुरीची डाळ पावशेराने आणते. (पावशेर गेला, दशमान वजने आली, पण गरिबाची खरेदी अजून पावशेरीच आहे.)

मजुरीचेही असेच. कापूस वेचणीला बायांना आठवडेच्या आठवडे काम मिळे. सोयाबीनची खुरपणी तणनाशकाने कमी केली. उरली ती काढणी. शेंगा वाळल्या की तडकतात, त्यामुळे काढणी आठ-पंधरा दिवसांत उरकावी लागते, आणि वर परतीच्या पावसाचे भय. म्हणून ती एकरावर, गुत्त्याने दिली जाते. नवरा-बायको, कधी पोरे, पहाटे उठून विळ्याने कापतात. वाळलेली टोके बोटांत रुततात. त्या पंधरा दिवसांची कमाई बरी दिसते, पण त्यावर वर्ष काढायचे असते. आणि मळणीयंत्र. रात्री उशिरापर्यंत, अपुऱ्या उजेडात, थकलेल्या हाताने पेंढ्या आत सारताना हात ओढला जातो. दर हंगामात अशा बातम्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर दोन ओळींत येतात. यंत्र भाड्याचे, चालक तिसरा, मजूर गुत्त्याचा; भरपाई कोणाकडे मागायची याचे उत्तर मिळेपर्यंत जखम भरून हात थिटा झालेला असतो.

माल बाजारात येतो तेव्हा सर्वांचा एकदमच येतो. दिवाळी तोंडावर, रब्बीचे बियाणे घ्यायचे, गुत्तेदाराचे पैसे द्यायचे. दाण्यात ओल असते. ओलीचे प्रमाण शेकडा बारा धरलेले आहे, आणि ऑक्टोबरातल्या मालात ते पुष्कळदा जास्त भरते. मग आर्द्रतेचे यंत्र, मग मातीची कपात, डागी दाण्याची कपात. यंत्र कोणाच्या हातात आहे यावर पुष्कळ अवलंबून असते, हे मी आवारात उभा राहून वर्षानुवर्षे पाहिलेले आहे. २०२४-२५ च्या हंगामाला हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. त्या हंगामात आपल्या भागात बाजारभाव चार हजार ते बेचाळीसशेच्या आसपास रेंगाळत होता. देशाची सरासरी हेक्टरी दहा क्विंटलांच्या आसपास, म्हणजे एकरी चार. एकराला जवळजवळ अठ्ठावीसशे रुपयांचा हा खड्डा. सरकारी खरेदी झाली, ओलीची मर्यादाही केंद्राने त्या वर्षी पंधरा टक्क्यांपर्यंत सैल केली. पण खरेदी केंद्रांवर बारदाना नाही म्हणून काटे थांबले. शेतकरी ट्रॉलीत झोपला आणि हमाल काम नाही म्हणून बसून राहिला. २०२५-२६ साठी हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला.

भाव का पडला, हे समजून घेण्याजोगे आहे. आपला देश खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून आणतो. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. कच्च्या तेलावरचे मूळ आयात शुल्क शून्यावर आणलेले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ते वीस टक्के केले आणि मे २०२५ च्या शेवटी पुन्हा दहा टक्क्यांवर आणले. पण नुसत्या तेलाने भाव ठरत नाही, हे आधी सांगितलेच. ब्राझील-अमेरिकेचे पीक भरघोस आले की जगात पेंड स्वस्त होते. शिवाय अलीकडे मका आणि तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर जो प्रथिनयुक्त चोथा उरतो, तो कोंबडीच्या खाद्यात सोयाबीन पेंडीच्या जागी घालू लागले आहेत. मोटारीच्या पेट्रोलात मिसळायचे मद्यार्क वाढले, त्याचा चोथा वाढला, आणि त्याने सोयाबीनवाल्याचा भाव पाडला. ऑगस्ट २०२१ मध्ये उलट झाले होते. सोयाबीन दहा हजारांवर गेले, कोंबडीपालनवाल्यांनी हाकाटी केली, आणि सरकारने बारा लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. तीही जनुकबदल केलेल्या सोयाबीनची, ज्याची लागवड या देशात करता येत नाही. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव उतरला. भाव चढला की खाली आणायला हात पुढे होतात. पडला की वर उचलायला मात्र बारदाना नसतो.

गिरणीविषयी बोललो नाही तर माझे सहकारी मला घरी जाऊ देणार नाहीत. सॉल्व्हंट गिरणीत दाणा साफ करतात, भरडतात, टरफल उडवतात, गरम करून रुळांखाली पोह्यांसारखा चपटा करतात. ते पोहे हेक्झेन नावाच्या द्रवात न्हाऊन निघतात. तेल त्यात उतरते. मग वाफ देऊन हेक्झेन परत मिळवतात आणि पेंड भाजून कोरडी करतात. ही भाजणी म्हणजे चिनी बाईच्या चुलीवरची तीच उष्णता. तिने ते पचन अडविणारे द्रव्य मोडते, आणि कोंबडीला पेंड पचते. कोंबडीसाठी ही काळजी गिरणी काटेकोर घेते.

हेक्झेन पेट्रोलच्या जातीचा द्रव आहे. एकोणसत्तर अंशांच्या सुमारास उकळतो. वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात साठते आणि एका ठिणगीची वाट पाहते. शिवाय तो वर्षानुवर्षे श्वासात गेला तर हातापायांच्या शिरा बधिर होतात. जपानमध्ये १९६० च्या दशकात चपला चिकटविणाऱ्या कामगारांत हा आजार ठळकपणे दिसून आला. चांगल्या गिरणीत सगळे बंदिस्त असते, वास येता कामा नये, आणि मी अशा गिरण्याही पाहिल्या आहेत. धोका येतो तो साफसफाईच्या आणि दुरुस्तीच्या दिवसांत. तेव्हा कायम कामगार बाजूला राहतो आणि ठेकेदाराची माणसे टाकीत उतरतात. एका गिरणीत आम्ही हजेरीपट मागितला, तेव्हा त्या दिवशी टाकीत उतरलेल्या चौघांची नावे त्यात कोठेच नव्हती. वायू मोजल्याशिवाय कोणी आत उतरायचे नाही, आणि उतरणाऱ्याचे नाव आधी वहीत चढले पाहिजे, एवढ्या दोन गोष्टींसाठी आम्हांला अकरा दिवस फाटकाबाहेर बसावे लागले. पेंड भरणाऱ्या हमालाच्या नाकातोंडात धूळ जाते, ती निराळीच. महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. त्याने हमालाला मालकाच्या मर्जीवरून उचलून मंडळाच्या नोंदवहीत आणले. तो कायदा गिरणीच्या फाटकातून आत जाताना मात्र अजून अडखळतो.

तर असा हा दाणा. शेतकरी पिकवतो, मजूर कापतो, हमाल उचलतो, कामगार भाजतो; तेल शहराच्या कढईत, पेंड कोंबडीच्या खाद्यात किंवा जहाजावर. कोंबडीच्या वाटे ती अंड्यातून परत येते हे खरे, आणि अंड्याला माझा मुळीच विरोध नाही. शाळेत मुलांना अंडे मिळालेच पाहिजे. पण पेंडीतले प्रथिन कोंबडीतून अंड्यात उतरेपर्यंत त्याचा मोठा भाग वाटेत खर्च होतो, आणि अंडे पैसे देणाऱ्याकडे जाते.

जरा साधा हिशेब करा. २०२४ च्या हंगामातले सोयाबीन बेचाळीस रुपये किलो. त्यात चारशे ग्रॅम प्रथिने धरली तर ग्रॅमला साधारण साडेदहा पैसे पडतात. त्याच वर्षी तुरीची डाळ किरकोळ दुकानात एकशे साठच्या आसपास गेली होती. किलोत दोनशेवीस ग्रॅम प्रथिने, म्हणजे ग्रॅमला सुमारे त्र्याहत्तर पैसे. जवळजवळ सातपट! सोयाबीन उकळायचे, वाळवायचे, दळायचे म्हटले तरी हा फरक बुजत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने १९८५ पासून हेच काम अंगावर घेतले आहे : गावात, लहान यंत्रांवर, सोयाबीनचे पीठ, दूध, पनीर कसे करावे. ज्ञान आहे, यंत्र आहे. महाराष्ट्रात २०२४ साली शाळेच्या आहाराच्या यादीत सोयाबीन पुलावाचे नावही आले.

मग अडते कोठे? हमीभावाने घेतलेले सोयाबीन सरकारी संस्था पुन्हा बाजारातच विकतात, आणि ते जाते त्याच गिरणीत. बाजारात माल उतरला की भाव आणखी पडतो, म्हणजे शेतकऱ्याला एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते. आमच्या संघटनेचे म्हणणे असे, की या खरेदीतला काही हिस्सा गिरणीकडे न वळवता तालुक्याच्या ठिकाणी त्याचे पीठ करावे. ते रेशनच्या गव्हाबरोबर, अंगणवाडीत आणि शाळेत द्यावे. एका पत्राला उत्तर आले की लोकांना चव आवडणार नाही. चव कोणी घेऊन पाहिली, असे आम्ही परत विचारले. त्या पत्राचे उत्तर अजून यायचे आहे. पुण्याच्या हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, तेव्हा स्वस्त आणि सकस अन्न कष्टकऱ्याला देता येते हे तिने करून दाखविले. आपल्या आवारातल्या खाणावळीत आम्ही सोयाबीन मिसळलेल्या कणकेच्या पोळ्या करून पाहिल्या. पोत्याखाली वाकणारी माणसे तक्रार करायला लाजत नाहीत, पण पोळीबद्दल एकाचीही तक्रार आली नाही. भाजीबद्दल मात्र आली.

येथे बसलेल्या पुष्कळ भगिनी, आणि काही बंधूही, घरी करून पाहतील म्हणून कृती सांगून मी थांबतो. दाणे निवडून, भरपूर खळखळत्या पाण्यात थेट टाकावेत. आधी गार पाण्यात भिजवू नयेत. वीस-पंचवीस मिनिटे उकळू द्यावेत, पाणी ओतून टाकावे, आणि उन्हात कडकडीत वाळवावेत. नऊ किलो गव्हाला एक किलो हे दाणे. नुसते सोयाबीन दळायला देऊ नका. तेलाने जाते चिकटते आणि गिरणीवाला पुढच्या वेळी डबा परत पाठवतो. गव्हातच मिसळून न्या.